आकडा पोचला, मोजमाप राहिले
शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत गेली काही वर्षे एक उपकरण हमखास आढळते. नखाएवढा दाबसंवेदक, त्याला जोडलेली वाय-फायची सोय असलेली छोटी संगणक-पाटी, आणि मोबाइलच्या पडद्यावर दर काही सेकंदांनी बदलणारा हवेचा दाब. २०१६ पासून अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या, सुटे भाग गावोगावी मिळू लागले आणि हे उपकरण आठवी-नववीच्या मुलांच्या हाती आले. ही गोष्ट चांगलीच झाली. या उपकरणाचे कौतुक पुष्कळ होते. त्याचे परीक्षण मात्र फारसे होत नाही. ते येथे करावयाचे आहे.

परीक्षणासाठी आपण हर्णे हे ठिकाण घेऊ. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातले हे मासेमारीचे बंदर. येथे भारत हवामानशास्त्र विभागाची वेधशाळा आहे. जवळच, १५-१६ किलोमीटरवर, सुमारे २४० मीटर उंचीवर दापोली आहे. आणि ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ हर्णेच्या थोडे उत्तरेला, रायगडच्या किनाऱ्यावर जमिनीवर आले. दाब मोजणाऱ्या कोणत्याही यंत्राची खरी परीक्षा घ्यायला याहून सोयीची जागा शोधावी लागणार नाही.

आधी गुण

वेधशाळेतील जुना पाऱ्याचा वायुभारमापक हे उत्तम उपकरण होते, पण तो शाळेत ठेवण्याजोगा नव्हता. तो महाग, नाजूक, आणि फुटला तर पाऱ्याची विषारी वाफ वर्गात. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी २०१३ साली झालेल्या मिनामाता करारानंतर अशी उपकरणे जगभर मागे पडत चालली आहेत. नवा संवेदक सुरक्षित आहे, स्वस्त आहे, आणि मुख्य म्हणजे तो कंटाळत नाही. रात्री दोन वाजताही तो मिनिटामिनिटाला दाब मोजू शकतो. माणसाला हे जमणारे नाही.

या अखंड नोंदीतून एक सुंदर गोष्ट दिसते. कोकणात हवा शांत असताना चार दिवसांच्या नोंदींचा आलेख काढला, तर दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. एकूण फरक सुमारे ३ हेक्टोपास्कल. (हेक्टोपास्कल म्हणजेच पूर्वीचा मिलिबार.) समुद्राला चंद्र-सूर्यामुळे भरती-ओहोटी येते, हवेची ही भरती-ओहोटी मुख्यतः सूर्याच्या उष्णतेची. हजार रुपयांच्या आतबाहेरच्या यंत्राने ती मुलांना स्वतः पाहता येते.

दोन दशांश कशाचे?

आता दोषांकडे वळू. ‘बीएमपी २८०’ हा या प्रकारचा सर्रास वापरला जाणारा संवेदक आहे. पडद्यावर तो १००८.४३ असा आकडा देतो. उत्पादकाच्या माहितीपत्रकात मात्र लिहिलेले असते, की या आकड्यात १ हेक्टोपास्कल इकडे किंवा तिकडे फरक असू शकतो. म्हणजे खरा दाब १००७.४ असेल किंवा १००९.४ असेल. मग त्या ४३ ला अर्थ काय?

अर्थ आहे, पण वेगळा. त्याच माहितीपत्रकाप्रमाणे दाबातला बदल हा संवेदक सुमारे ०.१२ हेक्टोपास्कलपर्यंत ओळखतो. समुद्रसपाटीजवळ साडेआठ ते नऊ मीटर वर गेले, की दाब १ हेक्टोपास्कलने घटतो. म्हणून हेच यंत्र घेऊन शाळेचा एक जिना चढले तर मजल्याचा फरक दिसतो. जे घड्याळ दहा मिनिटे मागे आहे, त्यानेही शंभर मीटरची शर्यत नीट मोजता येते. पण त्यावर विसंबून एस.टी. गाठता येत नाही. निव्वळ मूल्य आणि बदल, या दोहोंची अचूकता वेगळी असते. उपकरणासोबत येणाऱ्या सूचनांत तारा कुठे जोडाव्यात, वाय-फायचा परवलीचा शब्द कुठे घालावा हे पानोपान असते. हा फरक सांगणारे वाक्य क्वचितच सापडते.

किनारा डोंगरावर जातो

दुसरा दोष अधिक गमतीचा आहे. या संवेदकांबरोबरच्या नमुना प्रोग्रॅममध्ये दाबावरून ‘उंची’ काढण्याची सोय असते. त्यासाठी समुद्रसपाटीचा दाब बहुधा १०१३.२५ धरलेला असतो. ही एक ठरवून घेतलेली प्रमाण किंमत आहे; ती हर्णेच्या समुद्राने मान्य केलेली नाही. कोकण किनाऱ्यावर जानेवारीत दाब त्याच्या आसपास असतो, पण ऐन पावसाळ्यात तो सुमारे १००३ पर्यंत उतरतो. सूत्रात १००३ घातले की उत्तर येते ८५ मीटर. म्हणजे जानेवारीत समुद्राच्या पातळीला असलेली हर्णेची पुळण जुलैत सुवर्णदुर्गाच्या तटाच्याही वर जाऊन बसते! शिवाय रोजच्या दाबाच्या भरती-ओहोटीमुळे ती सकाळपासून दुपारपर्यंत आणखी २५ मीटर चढते ती वेगळीच.

विद्यार्थ्याने हा आकडा पाहून हसावे आणि कारण शोधावे, अशी अपेक्षा आहे. प्रदर्शनात मात्र तो ठळक अक्षरांत झळकतो आणि कोणी हसत नाही.

जाळे म्हणजे काय?

आता समजा, हर्णेच्या एका शाळेत एक आणि दापोलीच्या एका शाळेत एक अशी दोन यंत्रे बसवली आणि दोन्ही इंटरनेटला जोडली. एका शांत हिवाळी दुपारी हर्णेचे यंत्र १०१२ दाखवील, दापोलीचे सुमारे ९८४. हा फरक २४० मीटर उंचीचा आहे. आता हे लक्षात घ्या, की हवामान विभागाच्या अंदाजाप्रमाणे ‘निसर्ग’ वादळाच्या केंद्रातला सर्वांत कमी दाबही ९८४ हेक्टोपास्कलच होता. नकाशावर हे दोन आकडे जसेच्या तसे मांडले, तर दापोलीवर बारमाही चक्रीवादळ मुक्कामाला आहे असे दिसेल.

म्हणूनच प्रत्येक वेधशाळा आपला दाब समुद्रसपाटीला आणून कळवते. त्यासाठी जागेची उंची माहीत लागते आणि हवेचे तापमानही लागते. दापोलीसाठी कायमचे २८ मिळवून चालत नाही. थंडीतली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत ही दुरुस्ती एक-दीड हेक्टोपास्कलने बदलते.

जाळे ही कल्पना इंटरनेटपेक्षा खूप जुनी आहे. १७८० साली जर्मनीतील मानहाइम येथे एका हवामान संस्थेची स्थापना झाली. तिने एकसारखी, आपसांत ताडून पाहिलेली उपकरणे बनवून दूरदूरच्या केंद्रांना पाठवली आणि सर्वांना सकाळी ७, दुपारी २ व रात्री ९ या ठरावीक वेळीच नोंदी घ्यायला सांगितले. उरल पर्वतापासून अमेरिकेपर्यंत पसरलेली ३९ केंद्रे त्यात होती. नोंदी टपालाने येत आणि यायला महिने लागत. तरीही ते खरे जाळे होते, कारण एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशेजारी ठेवता येत होता. आपल्याकडे आज आकडा सेकंदात पोचतो. तो कशाशेजारी ठेवावा हे ठरलेले नसते.

घड्याळाचेही असेच. अनेक संकेतस्थळे नोंदी ग्रीनिच वेळेने साठवतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आलेखात सकाळी दहाचा उंचवटा मग पहाटे साडेचारला दिसतो आणि दुपारी चारचा खळगा सकाळी साडेदहाला. पाठ्यपुस्तक खोटे की यंत्र खोटे, असा प्रश्न मुलांना पडतो. दोन्ही खरे असतात. वेळ कोणती ते लिहायचे राहिलेले असते.

वादळाच्या दिवशी

सर्वांत गंभीर दोष शेवटी. ‘निसर्ग’च्या दिवशी दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब कोसळले, मोबाइल बंद पडले आणि पुष्कळ गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी आपले यंत्र काय करील? बऱ्याच नमुना प्रोग्रॅममध्ये पहिली आज्ञा असते ‘वाय-फायला जोड’, आणि जोडणी होईपर्यंत यंत्र तिथेच वाट पाहत थांबते. जाळे नाही तर मोजणीही नाही! ज्या दिवसाची नोंद सर्वांत मोलाची, नेमक्या त्या दिवशी कोरा कागद. मोजणे हे मुख्य काम, आणि पाठवणे हे दुय्यम. प्रोग्रॅमने हा क्रम उलटा केला आहे.

उपाय अवघड नाही. आधी मोजावे, यंत्रातल्याच मेमरी कार्डावर वेळेसह लिहावे, आणि जोडणी असेल तर मग पाठवावे. सोबत दोन-तीन दिवस पुरेल अशी बॅटरी, आणि वीज नसताना वेळ राखणारे छोटे घड्याळ हवे. एवढे केले, तर वादळ ओसरल्यावर तरी दाब केव्हा व किती वेगाने उतरला हे सांगता येईल. अर्थात, वादळाचा इशारा हवामान विभागाचाच मानायचा; शाळेच्या यंत्रावरून कोणी होडी समुद्रात न्यायची नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगावे. बंदराच्या गावात हा नुसता अभ्यासाचा प्रश्न नसतो.

शिक्षकांसाठी

तेव्हा हे उपकरण वापरावे की नाही? अवश्य वापरावे, पण इंटरनेटला जोडण्यापूर्वी आठवडाभर काम करून घ्यावे. जेवढी यंत्रे असतील तेवढी एकाच टेबलावर शेजारी ठेवावीत. ऊन, पंखा आणि खिडकीतला वारा टाळावा. प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा येईल. तो फरक मुलांनी वहीत लिहावा. सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाच या वेधशाळेच्या मुख्य वेळा आहेत. त्या वेळचा हवामान विभागाचा समुद्रसपाटीचा दाब मिळवून, आपल्या आकड्यात उंचीची दुरुस्ती करून, दोन्ही ताडून पाहावेत. सात दिवसांच्या चौदा फरकांची सरासरी ही त्या यंत्राची दुरुस्ती. ती कागदावर लिहून यंत्रालाच चिकटवावी.

पूर्वीच्या वेधशाळेतील निरीक्षक पाऱ्याची उंची वाचल्यावर उपकरणाची चूक, तापमान आणि गुरुत्वाकर्षण यांच्या दुरुस्त्या कोष्टकातून काढून हाताने करी. काम कंटाळवाणे होते, पण आकडा कुठून आला हे त्याला ठाऊक असे. नव्या संवेदकात कारखान्यात ठरवलेले गुणांक आतच साठवलेले असतात आणि प्रोग्रॅम ते गुपचूप वापरतो. सोय झाली, पण प्रश्न विचारण्याची जागा नाहीशी झाली. ती शिक्षकाने परत निर्माण करावयाची आहे.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलात, तर पडद्याकडे पाहण्याआधी मुलांना चार प्रश्न विचारा. यंत्र समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे? ते कशाशी ताडून पाहिले? नोंदीतली वेळ कोणती? आणि आत्ता वाय-फाय बंद केले तर काय होईल? चारही उत्तरे देणाऱ्या गटाचा पडदा ऐन वेळी बंद पडला, तरी पहिला क्रमांक त्यांनाच द्यावा.