कमरेचं खातं

वाङ्मयाची समीक्षा करणं हे बँकेतल्या कारकुनाचं काम नव्हे, हे मला मान्य आहे. आम्ही जन्मभर वाचतो ते चेकवरचे आकडे आणि ग्राहकांच्या तक्रारी. पहिल्यात कल्पनाशक्तीला वाव नसतो आणि दुसऱ्यात तो गरजेपेक्षा जास्त असतो. तरीही एका ग्रंथावर अभिप्राय देण्याचा अधिकार मी सांगतो, कारण तो मी तीनदा वाचला आहे. ग्रंथ म्हणजे ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल.

ग्रंथ आमच्या मावशीचा. तिचा मुलगा न्यू जर्सीहून येताना चॉकलेटं, बदाम आणि अंगाला न बसणारा एक स्वेटर यांच्याबरोबर ही बाटली घेऊन आला. बाटली कसली, चांगली लोणच्याची बरणीच! मावशीची कंबर सहा वर्षं दुखते आहे. बरणी संपली तेव्हा तिने कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून तसल्याच गोळ्या सुरू केल्या. पासबुक भरून घ्यायला ती ते माझ्याच हाती देते, त्यामुळे काकांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनमधला किती हिस्सा दर महिन्याला कमरेकडे वळतो, हे मला न विचारता कळतं. पण पैशांपेक्षा मला खुपलं ते वेगळंच. गोळी सुरू झाली आणि मावशीचं संध्याकाळचं फिरणं बंद झालं. "आता औषध चालू आहे ना, मग उगाच पाय कशाला मोडायचे?"

एके दिवशी तिने बरणी माझ्यापुढे ठेवली. "तू एवढा बी.कॉम. झालास, हे वाच आणि सांग, कमरेला लागू पडतं का?"

बी.कॉम.ला ग्लुकोसामाइन नव्हतं. पण हिशेब होता.

प्रथम भाषाशैली. ग्लुकोसामाइन सांध्यांच्या आरोग्याला 'हातभार लावतं' असं लेबल म्हणतं. हे क्रियापद मोठं सोयीचं आहे. आमच्या काउंटरवर गर्दी झाली की शेजारच्या काउंटरवरचा सहकारीही हातभार लावतो. म्हणजे बसल्या जागेवरून "फार गर्दी आहे हो आज" असं म्हणतो. 'बरं करतं' हे क्रियापद साऱ्या ग्रंथात कुठेही नाही. उलट शेवटी, मुंगीलाही चष्मा लागेल अशा टायपात छापलंय की या विधानांची सरकारी खात्याने तपासणी केलेली नाही आणि हा माल कोणत्याही रोगावरच्या उपचारासाठी नाही. अमेरिकेत 1994 च्या कायद्यामुळे अशा पूरक गोळ्यांवर ही कबुली छापावी लागते. आपल्याकडेही न्यूट्रास्युटिकल म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ 2016 च्या नियमांनी आली. म्हणजे मावशी ज्याला औषध म्हणते, त्याला ते करणारेच औषध म्हणत नाहीत. नायक स्वतः सांगतोय की मी नायक नव्हे, आणि वाचक मात्र दोन वेळा पाण्याबरोबर त्याला गिळतोय!

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. बहुतेक ग्लुकोसामाइन कोळंबी, खेकडे यांच्या कवचांपासून काढतात. मक्यापासून केलेलंही मिळतं, पण मग तसं लेबलवर अभिमानाने लिहिलेलं असतं. मावशीच्या बरणीवर 'शेलफिश' असं स्वच्छ लिहिलंय. मावशी चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. गेल्या श्रावणात उपासाच्या साबुदाण्याबरोबर तिने रोज दोनदा खेकडा घेतला, हे मी तिच्या कानावर घातलं.

"औषधाला दोष नसतो," ती म्हणाली.

मी लेबलची शेवटची ओळ पुन्हा वाचून दाखवली. त्यावर ती उठून देवघरात गेली.

आता कथानक. ग्लुकोसामाइन हा साखरेच्या कुळातला पदार्थ आपल्या शरीरात असतोच; सांध्यातली कूर्चा घडवायला तो लागतो. कूर्चा झिजली की सांधा दुखतो. तेव्हा तोंडावाटे कच्चा माल पुरवा, कूर्चा भरून येईल. ऐकायला किती सरळ! पण तोंडात भरलेली रक्कम थेट कमरेच्या खात्यावर पडत नाही. वाटेत आतडं आणि यकृत अशी दोन क्लिअरिंग हाउसं आहेत आणि दोघंही आपापली कपात करून घेतात. शिवाय मणक्यांमधल्या चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण कडेकडेने झिरपून होतं. म्हणजे ज्या शाखेत पैसे पोचवायचे, तिथे धड रस्ता नाही. आणि कंबर दुखते ती दर वेळी झिजेमुळेच असंही नाही. बहुतेकांच्या बाबतीत एका कारणावर बोट ठेवताच येत नाही.

कथानक चांगलं असलं म्हणून प्रयोग रंगतोच असं नाही, हे नाटकवाल्यांना विचारा. सुदैवाने याही कथानकाचे प्रयोग झाले आहेत. गुडघेदुखीच्या 1583 रुग्णांवर अमेरिकेत सरकारी पैशाने झालेला प्रयोग 2006 साली छापून आला. चोवीस आठवड्यांनी नुसत्या ग्लुकोसामाइनवरच्या 64 टक्के लोकांना, ठरवलेल्या मापाने, आराम पडलेला होता. टाळी वाजवण्याआधी पुढची ओळ वाचावी. दिसायला तशीच पण आत काही नसलेली गोळी ज्यांना दिली, त्यांच्यातल्या 60.1 टक्क्यांनाही तो पडला होता. एवढा फरक संख्याशास्त्र हिशेबात धरत नाही. गुडघ्याबद्दल तज्ज्ञांची हुज्जत त्यानंतरही चालू राहिली. पण मावशीचा प्रश्न कमरेचा.

कमरेचा खास प्रयोग नॉर्वेत, ऑस्लोच्या इस्पितळात झाला आणि 2010 साली प्रसिद्ध झाला. 250 माणसं, सगळ्यांची कंबर सहा महिन्यांहून जास्त दुखणारी आणि मणक्यांत झीज. म्हणजे आमच्या मावशीची भावंडंच. निम्म्यांना रोज 1500 मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन, निम्म्यांना पोकळ गोळी. कोणाला काय, हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. मोजमापाला चोवीस वाक्यांची प्रश्नावली. कमरेमुळे हळू चालावं लागतं का, जिना चढताना कठडा धरावा लागतो का, लोकांवर चिडचिड होते का, अशा थाटाची. जितके 'हो' जास्त, तितकी कंबर वाईट. (चिडचिडीच्या प्रश्नाला आमच्या शाखेत सगळेच 'हो' म्हणतील, कंबर दुखो वा न दुखो.)

आता ताळेबंद पाहा. सुरुवातीला ग्लुकोसामाइनवाल्यांचे सरासरी गुण 9.2, पोकळ गोळीवाल्यांचे 9.7. सहा महिन्यांनी ग्लुकोसामाइनवाले 5.0 वर आणि पोकळ गोळीवालेही 5.0 वर! गोळ्या बंद होऊन आणखी सहा महिने गेल्यावर 4.8 आणि 5.5, आणि तोही फरक योगायोगात जमा होण्याइतकाच. वीस वर्षांच्या नोकरीत माझी कॅश पहिल्या बेरजेला इतकी जुळलेली मला आठवत नाही.

यात आराम खोटा नाही, हे नीट लक्षात घ्या. नवाच्या वर असलेली माणसं पाचावर आली. "मला गुण येतोय" असं मावशी म्हणते, तेही खरंच आहे. प्रश्न एवढाच, की तो गुण जमा कोणाच्या खात्यावर करायचा? एकाच नावाचे दोन ग्राहक असले की कधी कधी एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडते. रक्कम खरी, पावती खरी, शिक्काही खरा. खातं तेवढं चुकीचं. कमरेचं तेच होतं. माणूस बाटली आणतो कधी? कंबर अगदी असह्य झाली की. तिथून वर चढायला जागाच उरलेली नसते, तेव्हा ती पुष्कळदा आपोआपच थोडी उतरते. त्यात कोणी विचारपूस करतं, गोळीचा धीर येतो, आपणही जरा जपून वागतो. हा सगळा भरणा गोळीच्या खात्यावर जमा होतो. आणि शिल्लक जिथे दिसते, तिथेच माणूस पुढचे पैसे टाकतो.

"असेना का! बरं वाटतंय ना बाईंना? मग झालं तर!" असं आमचे मॅनेजर म्हणतात. गोळ्या फुकट मिळत असत्या तर मीही तेच म्हणालो असतो. वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी आणि कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. पण खरं नुकसान त्या दुसऱ्या खात्याचं आहे, जे मावशीने बंद केलं. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जो सल्ला दिला, त्यात व्यायाम आहे. 2024 साली ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग छापून आला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या 701 माणसांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू चालायला लावलं, बाकीच्यांना काहीच नाही. न चालणाऱ्यांचं दुखणं साधारण 112 दिवसांत उलटलं, चालणाऱ्यांचं 208 दिवसांत. ही माणसं मावशीसारखी सहा वर्षं दुखणारी नव्हती, हेही नोंदवतो; हिशेब म्हटला की दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

हे सगळं मी मावशीला आकड्यांसकट समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे नॉर्वेच्या त्या लोकांना पोकळ गोळ्यांनीही बरं वाटलं?"

"हो."

"मग त्या कुठे मिळतात? स्वस्त असतील."

अभिप्राय असा: ग्रंथाची छपाई सुबक आहे, भाषा सावध आहे, शेवटची ओळ प्रामाणिक आहे. कंबरवाल्यांनी वाचावा, पण विकत घेऊ नये.

डॉक्टरांना विचारून मावशी आता रोज संध्याकाळी देवळापर्यंत जाते. मधल्या कट्ट्यावर बसते, तेही चालण्यातच धरते. कंबर अजून दुखतेच, पण तक्रार ऐकायला आता चार मैत्रिणी आहेत. पुढच्या खेपेला गोळ्या नकोत, बूट आण, असा निरोप न्यू जर्सीला गेला आहे. बरणी धुऊन तिने तीत मेथ्या भरल्या. लेबल काही निघालं नाही. परवा शेजारीण आली, तिने चष्मा लावून लेबल वाचलं आणि कमरेला लागू पडतात म्हणून मूठभर मेथ्या मागून नेल्या. कालपासून तिला बराच उतार आहे म्हणे.