गम-बायक्रोमेट छायाचित्र आणि कागदाची खळ

रॉबर्ट देमाशीने १८९०च्या दशकात गम-बायक्रोमेटला कलाप्रतिष्ठा मिळवून दिली. तेव्हापासून या चित्रांतील धूसरता हा कलावंताचा हेतूच मानला जातो. हे गृहीतक तपासले पाहिजे. डिंक, रंगद्रव्य व बायक्रोमेट यांचा थर उजेडाने कडक होतो, उरलेला पाण्यात सुटतो. खळ अपुरी असल्यास रंग तंतूंत मुरतो व पांढरा भाग मळतो. कागजीपुऱ्याच्या हातकागदाचा मराठवाड्याला अभिमान आहे, तो योग्यच. परंतु पारंपरिक पिठाची खळ बोरूसाठी होती, दीर्घ धुण्यासाठी नव्हे. येथे कडक केलेले जिलेटिन हवे. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात मात्र थर अंधारातही कडक होतो. म्हणून थर सुकताच एक पट्टी उजेड न देता धुवावी. ती मळली, तर संशय प्रथम खळीवर घ्यावा.