‘बिऱ्हाड’ ते ‘गुंतवणूक’ : मराठी वाङ्मयातील घरमालकाचे स्थित्यंतर

मराठी विनोदी वाङ्मयात घरमालक हे पात्र इतके रूढ झाले आहे की, त्याच्या रूढपणाकडे समीक्षेचे लक्ष सहसा जात नाही. भाडे मागणारा, दुरुस्ती टाळणारा, पाण्यावरून व गच्चीवरून कुरकुरणारा आणि अखेरीस भाडेकरूंकडून फजित होणारा असा हा गृहस्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु हा साचा ज्या आर्थिक परिस्थितीतून निर्माण झाला, ती परिस्थिती आज उरलेली नाही. भाड्यासाठी चाळ बांधणाऱ्या मालकाच्या जागी किंमत वाढेल या अपेक्षेने सदनिका घेऊन ठेवणारा मालक आला. आणि हा नवा मालक बहुधा त्याच मध्यमवर्गातला आहे, ज्याने आजवर भाडेकरूच्या बाजूने हसण्याचा हक्क आपला मानला. या स्थित्यंतराची नोंद भाषेने घेतली आहे. वाङ्मयाने ती फारच थोडी घेतली आहे. या दोहोंतील अंतर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. ‘भाडे’ हा शब्द संस्कृत ‘भाटक’ या शब्दापासून प्राकृताच्या द्वारे आलेला आहे व त्याचा मूळ अर्थ मोबदला देऊन वापरावयास घेतलेल्या वस्तूचे मोल असा आहे. मराठीत घर ‘भाड्याने घेतले’ जाते व ‘भाड्याने दिले’ जाते. साधन एकच; दिशा मात्र क्रियापदाने ठरते. ‘बिऱ्हाड’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. तो एकाच वेळी जागा, कुटुंब आणि चीजवस्तू या तिहींचा बोध करून देतो. बिऱ्हाड करतात, थाटतात, हलवतात. विंचवाचे तर ते पाठीवरच असते. चाळीची लोकवस्ती सांगताना ‘इतकी बिऱ्हाडे’ असे म्हणतात, ‘इतकी घरे’ असे सहसा म्हणत नाहीत. म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या भिंतींत राहणाऱ्या माणसाला आपल्या संसाराची पूर्ण ओळख देणारा एक शब्द मराठीजवळ होता व तो शब्द मालकीवर मुळीच अवलंबून नव्हता. चाळीच्या वाङ्मयाचा सारा जिव्हाळा या शब्दाच्या आश्रयाने वाढलेला आहे.

या वाङ्मयाची कायदेशीर पार्श्वभूमीही ध्यानात घेतली पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाड्यावर पहिले निर्बंध आले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, झालेल्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ‘प्रमाण भाडे’ ही कल्पना दृढ केली आणि त्यासाठी १ सप्टेंबर १९४० हा दिवस आधार म्हणून धरला. युद्धकालीन टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवणे हा त्यामागील हेतू होता आणि तो सफलही झाला. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा वारंवार मुदतवाढ मिळत पन्नास वर्षे टिकला. भाडे गोठले, दुरुस्ती थांबली, इमारती जीर्ण झाल्या. शेवटी १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर बसवून स्वतंत्र मंडळ स्थापन करावे लागले. भाड्याचे खरे मोल कायद्याच्या दृष्टीआड ‘पागडी’च्या रूपाने वसूल होऊ लागले. मस्तकावरील मानाचे वस्त्र दाखवणारा शब्द चोरून द्यावयाच्या रकमेचे नाव व्हावा, हा अर्थापकर्षाचा एक बोलका नमुना होय. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हीच पागडी कायदेशीर ठरवली.

या पार्श्वभूमीवर पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाकडे पाहिले असता त्यातील विनोदाचे एक अलक्षित अंग दिसू लागते. ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ या प्रकरणात मालक आणि भाडेकरू यांच्यात झगडा पेटतो. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे विडंबन म्हणून या प्रकरणाची वाखाणणी पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु हा झगडा भाडेवाढीसाठी नाही, की कोणाला घराबाहेर काढण्यासाठीही नाही. तो गच्चीसाठी आहे, ही गोष्ट समीक्षकांनी फारशी विचारात घेतलेली नाही. भाडे गोठलेले व भाडेकरू हलवता न येण्याजोगा, अशा स्थितीत मालकाच्या हाती सत्ता उरते ती फक्त कोणाच्याही भाड्यात न मोडणाऱ्या जागेवर. गच्ची ही ती जागा होय. बिऱ्हाडाच्या मुळावर घाव येणार नाही ही खात्री असल्यामुळेच भांडण उत्सवाचे रूप घेऊ शकते. चाळकऱ्यांच्या दिलखुलासपणाचे श्रेय त्यांच्या स्वभावाला देण्याची प्रथा आहे. त्यातील काही वाटा प्रमाण भाड्यालाही दिला पाहिजे. यामुळे या कलाकृतीचे मोल उणावत नाही. उलट तिच्या अखेरच्या ‘एक चिंतन’ या भागातील हुरहुर केवळ स्मरणरंजनाची नसून एका विशिष्ट सुरक्षिततेच्या अस्ताची आहे, हे स्पष्ट होते.

मात्र ही सुरक्षितता आत असलेल्यांची होती. बाहेरून येणाऱ्याला तीच भिंत आडवी आली. एकदा दिलेली जागा परत मिळत नाही हे ओळखून मालकाने जागा देणेच टाळावे, किंवा भाडेकरूची जात, पोट आणि लग्न तपासून घ्यावे, हा त्याचा स्वाभाविक परिणाम होता. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटाचे कथाबीज नेमके येथे आहे. पुण्यात जागेसाठी वणवण करणाऱ्या चार तरुणांना केवळ विवाहित जोडप्यांनाच जागा देणाऱ्या वृद्ध मालकिणीकडे आसरा मिळवण्यासाठी दोघांना स्त्रीवेष धारण करावा लागतो. कथानकाचा मूळ साचा हिंदीतून आलेला असला, तरी तो मराठी प्रेक्षकाला परका वाटला नाही याचे कारण परिस्थिती परकी नव्हती. ‘चाळ’मध्ये भाडेकरू मालकाशी भांडतो, येथे तो मालकिणीसमोर वेषांतर करतो. तीस वर्षांत भाडेकरूचे स्थान किती घसरले होते याचे याहून नेमके मोजमाप शोधूनही सापडणार नाही. तरीही हास्य भाडेकरूच्याच बाजूचे राहिले.

याच काळात कायद्याच्या भाषेनेही एक विलक्षण खेळ केला. भाडे कायद्यातून सुटण्यासाठी मालक ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळू लागले आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार करून राहणाऱ्याला ‘परवानाधारक’ म्हणू लागले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा करारान्वये ताब्यात असलेल्यांना कायद्याने भाडेकरू ठरवले. १९९९ च्या कायद्याने हा करार पुन्हा स्वतंत्रपणे मान्य केला व मुदत संपताच जागा परत मिळवण्याची वेगळी सोय केली. माणूस तोच, खोली तीच, दरमहा मोजावयाची रक्कमही तीच. नाव बदलताच हक्क बदलतात. अकरा महिन्यांच्या परवान्यावर राहणाऱ्या कुटुंबाला ‘बिऱ्हाड’ हा शब्द लावताना आजचा मराठी भाषिक अडखळतो, याचे कारण येथेच शोधले पाहिजे. बिऱ्हाड थाटावयास जो अवधी लागतो, तो या करारात नाही.

आता मालकाकडे वळावे. केंद्र शासनाच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार भारतीय शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये शेकडा ५४ होते; २०११ मध्ये ते शेकडा २८ वर आले. त्याच पाहणीप्रमाणे २०११ च्या जनगणनेत नागरी भारतातील १ कोटी ११ लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ८० हजार एकट्या मुंबईत होती. घरांची टंचाई आणि कुलूपबंद घरे ही दोन्ही एकाच नगरात नांदत आहेत. या विसंगतीचा उलगडा मराठीतील एका संयुक्त क्रियापदाने होतो. राहण्यासाठी घर ‘घेतले’ जाते. गुंतवणुकीसाठी ते ‘घेऊन ठेवले’ जाते. ‘ठेवणे’ हे सहायक क्रियापद पूर्ण झालेल्या क्रियेचे फळ पुढील उपयोगासाठी राखणे सुचवते. ‘फ्लॅट घेऊन ठेवला आहे’ या वाक्यात राहणारा कोणीच नाही. आहे तो फक्त ठेवणारा. ‘गुंतवणूक’ हा शब्दही तपासण्यासारखा आहे. ‘गुंतणे’ या धातूचे प्रयोजक रूप ‘गुंतवणे’ व त्यावरून झालेले हे नाम. घरात मन गुंतते हा जुना प्रयोग. घरात पैसा गुंतवला जातो हा नवा. पहिल्यात माणूस अडकतो, दुसऱ्यात घर.

येथे एक सबळ आक्षेप संभवतो. गुंतवणूक म्हणून घर घेणारा नसेल, तर भाड्याने द्यावयास घरे येणार कोठून? गिरगाव-परळच्या खाजगी चाळी हीदेखील गुंतवणूकच होती आणि तिच्याविना मुंबईचा कामगार उघड्यावर पडला असता. हा आक्षेप खरा आहे. शिवाय गोठलेल्या भाड्यानेच ही गुंतवणूक मारली हेही खरे आहे. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातील भाडे गोठवणाऱ्या तरतुदी कालांतराने अवाजवी झाल्या असल्याचे म्हटले, ते उगीच नव्हे. परंतु या आक्षेपात दोन भिन्न व्यवहार एका शब्दाखाली येतात. एक गुंतवणूक भाड्यासाठी असते, दुसरी किमतीसाठी. एक कोटीच्या सदनिकेवर शेकडा तीनप्रमाणे वर्षाला तीन लाख भाडे मिळते असे धरू. तेवढ्याच रकमेच्या कर्जावर शेकडा साडेआठप्रमाणे वर्षाचे व्याज साडेआठ लाख होते. हा तोटा सोसून जो घर घेतो, त्याचे लक्ष भाड्याकडे नसते; किंमत वाढेल यावर त्याची भिस्त असते. मग भाडेकरू ठेवणे हा त्याला लाभापेक्षा उपद्रव वाटू लागतो आणि घर कुलूपबंद राहते. राहण्यासाठी घर शोधणाऱ्याला आपल्या मिळकतीच्या बळावर याच्या अपेक्षेशी स्पर्धा करावी लागते. चाळमालकाच्या गुंतवणुकीने खोल्या वाढत. या गुंतवणुकीने प्रथम किंमत वाढते, आणि खोल्या वाढल्याच तर त्यांतील काही बंद राहतात. जमिनीची टंचाई, बांधकामाचे नियम, कराची रचना ही कारणे यात मिसळलेली आहेतच. सर्व दोष एकट्या गुंतवणूकदाराच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पण त्याला या हिशेबातून वगळणेही तितकेच चुकीचे होईल.

या नव्या मालकाचे चित्र मराठी वाङ्मयात कोठे आहे? जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने गिरणगावातील चाळीतली खोली रंगभूमीवर आणली, तेव्हा तिच्यातील विनोद मावळला होता. संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या कामगार कुटुंबाची ती खोली म्हणजे त्याचा उरलेला शेवटचा आधार आहे. ‘चाळ’पासून ‘अधांतर’पर्यंतचा प्रवास भाडेकरूच्या बाजूने असा पूर्ण होतो. मालकाच्या बाजूचा प्रवास मात्र अर्ध्यावर थांबलेला दिसतो. कुरकुरणारा चाळमालक अजूनही विनोदास उपलब्ध आहे. दोन सदनिका बाळगणारा निवृत्त प्राध्यापक किंवा अधिकारी उपलब्ध नाही. कारण उघड आहे. पहिला दुसऱ्यांपैकी होता, दुसरा आपल्यांपैकी आहे. लेखक, वाचक आणि समीक्षक हे ज्या वर्गातून येतात, त्या वर्गाने भाडेकरूची स्मृती जपली आणि मालकाचे हित पत्करले. स्मृती आणि हित यांत असे अंतर पडले की, विनोद जुन्या लक्ष्यावरच नेम धरत राहतो.

‘बटाट्याची चाळ’चे पुनर्वाचन या दृष्टीने उपकारक ठरेल. त्या पुस्तकातील कुलूप गच्चीला होते आणि ते उघडावे म्हणून साऱ्या चाळीने आवाज उठवला. आजचे कुलूप सदनिकांना आहे आणि त्याची किल्ली पुष्कळदा वाचकाच्याच खिशात असते. या किल्लीविषयी लिहिणारा लेखक मराठीला लाभेल, तेव्हा घरमालक हे पात्र रूढीतून सुटेल आणि ‘बिऱ्हाड’ या शब्दाच्या वाट्याला पुन्हा कोणता अर्थ येतो तेही कळेल.