अनुल्लेखाचे व्याकरण : ‘भारतीय अंतराळ धोरण, २०२३’ ह्या लेखाची चिकित्सा

राज्यसंस्थेच्या धोरणलेखांकडे भाषेचा अभ्यासक सहसा वळत नाही. ते राज्यशास्त्राचे किंवा विधिशास्त्राचे क्षेत्र आहे असे मानून तो बाजूस राहतो. परंतु धोरण हे कृतीचे रूप घेण्यापूर्वी वाक्याच्या रूपाने अस्तित्वात येते. अमुक कार्य कोणी करावे, कोणास त्याची मुभा असावी, कोणाचे नाव घ्यावे आणि कोणाचे घेऊ नये, हे सारे प्रथम वाक्यरचनेत ठरते. म्हणून ज्या लेखाने भारताच्या अंतराळविषयक व्यवहाराची मांडणी केली, त्याच्या भाषेची चिकित्सा करणे अप्रस्तुत ठरू नये.

‘भारतीय अंतराळ धोरण, २०२३’ ह्या लेखास ६ एप्रिल २०२३ रोजी मान्यता मिळाली व २० एप्रिल रोजी तो प्रसिद्ध झाला. मान्यता दिली ती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने. ही गोष्ट आरंभीच लक्षात घेतली पाहिजे. कारण ज्या समितीने हा लेख संमत केला तिच्या विषयाचेच, म्हणजे सुरक्षेचे, विवेचन ह्या लेखात जवळजवळ नाही. प्रस्तुत चिकित्सेचा मुख्य मुद्दा हाच आहे.

धोरणापूर्वीचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. अणुशक्ती खात्याच्या आश्रयाने १९६२ साली अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला. १९६९ साली ‘इस्रो’ची आणि १९७२ साली अंतराळ आयोग व अंतराळ विभाग ह्यांची स्थापना झाली. थुंब्याच्या जागेच्या निवडीपासून १९७५-७६ च्या उपग्रह-दूरदर्शन प्रयोगापर्यंत ज्यांचा निकटचा संबंध आला त्या एकनाथ चिटणीसांच्या पिढीपुढे कार्याचे प्रयोजन स्पष्ट होते. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शेती, आरोग्य व शिक्षण ह्यांचे कार्यक्रम पोहोचविणारा तो प्रयोग त्या प्रयोजनाचेच मूर्त रूप होता. मात्र हे प्रयोजन एकत्रित धोरणलेखात शब्दबद्ध झाले नाही. १९९७ साली उपग्रह-संदेशवहनाविषयी आणि २००१ व २०११ साली दूरसंवेदनाविषयी अशी एकेका अंगाची धोरणे तेवढी निघाली.

ह्या अशब्दतेची किंमत २०११ साली दिसून आली. अंतराळ विभागाच्या व्यापारी शाखेने, अँट्रिक्सने, देवास ह्या खाजगी कंपनीशी २००५ साली केलेला करार रद्द करताना, संबंधित तरंगपट्टा संरक्षणदले व अन्य सार्वजनिक सेवा ह्यांना हवा आहे असे कारण शासनाने दिले. त्या व्यवहारातील फसवणुकीचा प्रश्न पुढे न्यायालयात गाजला, तो वेगळा. येथे पाहावयाचे ते एवढेच की, सैनिकी गरज ही कराराच्या पहिल्या वाक्यात येण्याऐवजी शेवटच्या वाक्यात, जणू अकस्मात, अवतरली. जी गरज आधी नाव घेऊन सांगितलेली नसते ती पुढे अपवाद म्हणून येते आणि आल्यावर सर्व नियमांवर मात करते.

ह्या पार्श्वभूमीवर २०२३ च्या लेखाचे गुण मान्य केले पाहिजेत. अंतराळ विभाग, इस्रो, ‘इन-स्पेस’ व ‘न्यू स्पेस इंडिया’ ह्या चौघांच्या कार्यांची विभागणी त्यात स्पष्टपणे केली आहे. इस्रोने नित्याच्या उपयोगाच्या यंत्रणांच्या निर्मितीतून हळूहळू बाहेर पडून संशोधनाकडे लक्ष द्यावे, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. इस्रोजवळची ५ मीटर व त्याहून स्थूल पृथक्करणाची दूरसंवेदन-सामग्री सर्वांस विनामूल्य उपलब्ध व्हावी, त्याहून सूक्ष्म सामग्री शासकीय संस्थांना विनामूल्य व इतरांना वाजवी किमतीत मिळावी, हे कलम तर शासकीय लेखनाचा आदर्श म्हणता येईल. त्यात कर्ता आहे, कर्म आहे, मर्यादा आकड्यांत आहे. अर्थाविषयी वाद घालण्यास जागा नाही.

परंतु लेखाची भाषा सर्वत्र अशी नाही. ‘इन-स्पेस’विषयीचे वाक्य पाहावे. ह्या संस्थेने अंतराळकार्यास उत्तेजन द्यावे, नवागतांना हात द्यावा, मार्गदर्शन करावे आणि अनुज्ञा द्यावी, अशी चार क्रियापदे एका ओळीत बसविली आहेत. पहिली तीन क्रियापदे स्नेह्याची आहेत, चौथे नियंत्रकाचे आहे. व्याकरणदृष्ट्या ती समानाधिकार आहेत, म्हणून त्यांतील विरोध वाचकाच्या नजरेतून निसटतो. जो हात धरतो त्यानेच वेळ आली तर हात अडवावा, ही अपेक्षा वाक्याने केली आहे. पण त्या दोन भूमिकांत संघर्ष झाल्यास कोणती श्रेष्ठ, हे वाक्य सांगत नाही.

याहून गंभीर गोष्ट अनुल्लेखाची आहे. लेखाच्या दृष्टिनिवेदनात राष्ट्राचा सामाजिक-आर्थिक विकास, सुरक्षा, पर्यावरण व जीवित ह्यांचे रक्षण, आणि अंतराळाचे शांततामय अन्वेषण ही प्रयोजने एकापाठोपाठ येतात. ‘सुरक्षा’ हे नाम तेथे आहे. पण त्या नामाला पुढे क्रियापद लाभत नाही. सुरक्षेसाठी अंतराळात कोण काय करणार, हे सांगणारे प्रकरण लेखात नाही. वस्तुतः नौदलासाठीचा जीसॅट-७ हा उपग्रह २०१३ सालीच कक्षेत गेला होता. २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’ ह्या प्रयोगात भारताने स्वतःचाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने नष्ट केला. त्याच सुमारास तिन्ही दलांची मिळून संरक्षण अंतराळ संस्था आकारास आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेहळणीसाठी ५२ उपग्रहांच्या योजनेस मान्यता मिळाली, आणि तीही त्याच सुरक्षाविषयक समितीकडून. म्हणजे व्यवहार आहे, संस्था आहे, योजना आहे; नाही ते केवळ धोरणलेखातील नाव.

नाव टाळण्याची ही रीत नवी नाही. एप्रिल २००९ मध्ये सोडलेल्या रिसॅट-२ ह्या उपग्रहाचे प्रयोजन आपत्ती-व्यवस्थापन असे सांगितले गेले. २०१९ च्या एमिसॅटचे ‘विद्युत्-चुंबकीय वर्णपटाचे मोजमाप’ असे. ह्या विधानांना असत्य म्हणता येणार नाही. ती अपुरी आहेत. साधनाचे वर्णन करून साध्याविषयी मौन पाळणे, असे त्यांचे स्वरूप आहे.

अमेरिकेशी तुलना येथे उद्बोधक ठरेल. तेथील १९५८ च्या अधिनियमाने नागरी अंतराळकार्य ‘नासा’कडे देऊन संरक्षणविषयक कार्य संरक्षण खात्याकडे राखले. २०१० च्या राष्ट्रीय धोरणात व्यापारी, नागरी व राष्ट्रीय सुरक्षा अशी वेगळी प्रकरणे असून, संरक्षणमंत्री व गुप्तवार्ता-विभागाचे प्रमुख ह्यांची कर्तव्ये त्यांत नाव घेऊन सांगितली आहेत. ह्यावरून ती व्यवस्था पारदर्शक ठरते असे नव्हे. तेथील टेहळणी उपग्रहांचे कार्यालय १९६१ साली स्थापन झाले, आणि त्याचे अस्तित्वही १९९२ पर्यंत गुप्त ठेवलेले होते. तरीही नामोल्लेखाची परंपरा असल्यामुळे नागरिकांना निदान प्रश्न कोणास विचारावयाचा हे कळते.

ह्यावर असा आक्षेप येईल की, संरक्षणाच्या गोष्टी उघड लेखात मांडणे अविचाराचे आहे. आक्षेपात तथ्य आहे; परंतु तो येथे लागू पडत नाही. उपग्रहांच्या कक्षा व क्षमता प्रकट कराव्यात अशी मागणी कोणी केलेली नाही. गुपित आणि अनुल्लेख ह्यांत भेद आहे. तिजोरीत काय आहे हे न सांगता तिजोरी आहे व तिची किल्ली अमक्याकडे आहे असे सांगता येते. प्रस्तुत लेख किल्लीविषयीही मौन पाळतो. इतकेच नव्हे, तर काही तरतुदींतून प्रसंगपरत्वे सूट देण्याचा अधिकार शासन स्वतःकडे राखून ठेवते. आणि ती सूट कोणत्या कारणास्तव द्यावी किंवा तिची नोंद कोठे व्हावी, ह्याविषयी काही सांगत नाही.

हा वाद राजधानीपुरता मर्यादित आहे असे कोणास वाटेल, तर त्याने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याकडे पाहावे. कणकवली तालुक्यातील नांदगावच्या तिठ्यावरून महामार्ग सोडून पश्चिमेस गेले की देवगडचा समुद्र लागतो. नैर्ऋत्येस मालवणची किनारपट्टी आहे. धोरण लागू होण्याचे क्षेत्र भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्राच्या सीमेपर्यंत, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, सांगितले आहे. देवगड-मालवणची होडी जाते त्या पाण्याचा त्यात समावेश होतो. ह्या किनाऱ्याला उपग्रह अपरिचित नाहीत. समुद्रपृष्ठाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य ह्यांच्या उपग्रहीय निरीक्षणांवरून मासे कोठे मिळण्याचा संभव आहे ह्याची सूचना हैदराबादचे सागरी माहिती-सेवा केंद्र मराठीतही देते. नोव्हेंबर २००९ चे ‘फयान’ आणि मे २०२१ चे ‘तौक्ते’ ही वादळे ज्यांनी अनुभवली, त्यांना वेळेवर आलेल्या इशाऱ्याचे मोल सांगावयास नको.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे ज्या योजनेचा देशव्यापी प्रारंभ झाला, तीनुसार किनारी राज्यांतील १ लाख मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेली संदेशयंत्रे बसावयाची आहेत. वादळाचा इशारा नौकेपर्यंत यावा आणि संकटाची हाक किनाऱ्यापर्यंत जावी, हा तिचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु नौका कोठे आहे हे जे यंत्र बचावपथकास सांगते तेच सुरक्षा-यंत्रणेसही सांगू शकते. २००८ साली मुंबईवरील हल्लेखोर एका मासेमारी नौकेचा आश्रय घेऊन आले होते. तेव्हा अशी नजर ठेवण्याची गरजही नाकारता येत नाही. म्हणजे ह्या एका यंत्रात नागरी सेवा, सुरक्षा व टेहळणी ही तिन्ही कार्ये एकत्र येऊ शकतात. धोरणलेखाने त्यांतील पहिल्याचेच विवेचन केले आहे. नौकेच्या हालचालीची नोंद कोणाकडे राहावी, किती काळ राहावी, ती चुकीची ठरल्यास तक्रार कोणाकडे करावी, ह्या प्रश्नांना त्यात जागा नाही. ‘हितसंबंधी’ ह्या मोघम बहुवचनात मच्छीमार अंतर्भूत आहे. कोणत्याही वाक्याचा कर्ता मात्र तो नाही.

‘शांततामय’ ह्या विशेषणाचाही विचार केला पाहिजे. १९६७ च्या अंतराळविषयक करारात चंद्र व अन्य ग्रहगोल केवळ शांततामय उपयोगासाठी राखले आहेत. पृथ्वीभोवतीच्या कक्षेविषयी मात्र अण्वस्त्रे व तत्सम महासंहारक शस्त्रे ठेवण्यास तेवढी बंदी आहे. त्यामुळे ‘शांततामय’ म्हणजे ‘असैनिकी’ की केवळ ‘अनाक्रमक’, असे दोन अर्थ संभवतात आणि बलाढ्य राष्ट्रांनी व्यवहारात दुसरा स्वीकारला. भारताने १९८२ साली हा करार अनुसमर्थित केला. २०२३ च्या लेखात हे विशेषण कोणत्या अर्थाने आले आहे, हे लेख सांगत नाही. आणि ‘मिशन शक्ती’नंतर ते सांगणे अगत्याचे होते.

मराठीत ‘अंतराळ’ ह्या शब्दाचा एक अर्थ देवालयाच्या रचनेतला आहे. सभामंडप सर्वांना खुला असतो, गर्भगृहात प्रवेश मर्यादित असतो. त्या दोहोंना जोडणारी जागा ती अंतराळ. गर्भगृह बंद असावे, ह्याविषयी तक्रार नाही. मात्र मंडपात उभ्या असलेल्या माणसाला आपण कोठपर्यंत जाऊ शकतो आणि आपले काय आत जाते, हे ठाऊक असले पाहिजे. प्रस्तुत धोरणाने सभामंडपाची आखणी उत्तम केली. अंतराळाची केली नाही.

उपाय अवघड नाहीत. संरक्षण व टेहळणी ह्यांसाठी एक प्रकरण, त्यात जबाबदार अधिकारपदांची नावे. सूट दिल्यास तिची कारणांसह नोंद. आणि नागरिकांकडून मिळणाऱ्या माहितीच्या वापराची मर्यादा, एवढे पुरेसे आहे. हे सारे धोरणात नव्हे तर कायद्यात असावयास हवे. अंतराळविषयक विधेयकाचा मसुदा २०१७ सालीच लोकांपुढे ठेवलेला होता; धोरण प्रसिद्ध झाले तेव्हाही त्याचा कायदा झालेला नव्हता. धोरणाच्या वाक्याचा भंग झाला तर टीका करता येते. कायद्याच्या वाक्याचा भंग झाला तर दाद मागता येते. देवगड-मालवणच्या नौकेला ह्यांपैकी दुसऱ्या वाक्याची गरज आहे.