बिचो-बिचोचा शोध

बालपणीं खाल्लेल्या पदार्थाची कृति शोधणारा मनुष्य खरोखर काय शोधीत असतो, हा प्रश्न पाककृतींच्या पुस्तकांचे कर्ते सहसा मनांत आणीत नाहींत. त्यामुळें पुस्तक निर्दोष असूनहि वाचकाची निराशा होते. फिलिपाइन बेटांतील ‘बिचो-बिचो’ हें याचें उत्तम उदाहरण होय. पिठाची लांब वळी करावी, तिला पीळ घालावा, तेलांत तळून साखरेंत घोळावी. एवढाच हा रस्त्यावर विकला जाणारा गरिबाचा खाऊ. परंतु परमुलखांत आयुष्य काढणाऱ्या फिलिपिनो मनुष्यास मेजवानीच्या पक्वान्नांपेक्षां पुष्कळदां हाच आठवतो.

तो पुस्तक उघडतो आणि गोंधळास आरंभ होतो. विसायन बेटांत या जातीच्या पदार्थास ‘शाकोय’ म्हणतात. तागालोग भाषेंत ‘लुबिद’ म्हणजे दोर, म्हणून कोठें तो ‘लुबिद-लुबिद’. ‘पिलिपित’ म्हणजे पिळलेलें. पण त्या नांवानें मिळणारा जिन्नस बहुधा कुरकुरीत असतो. एके ठिकाणीं गव्हाचें पीठ आंबवून घेतात, तर दुसऱ्या ठिकाणीं चिकट तांदळाचें पीठ नारळाच्या दुधांत मळतात. ज्याला मऊ बिचो हवा आहे त्याच्या हातीं कुरकुरीत पिलिपित पडला, तर मापें कितीहि अचूक असोत, त्यांचा उपयोग काय?

येथें ‘तिकिम’ (१९९४) या निबंधसंग्रहाच्या कर्त्या डोरीन फर्नांदेस (१९३४–२००२) यांचें लेखन वाट दाखवितें. पीठ किती घ्यावें हें विचारणाऱ्यानें मात्र त्यांच्याकडे जाऊं नये. त्यांचा पिंड निबंधकाराचा. चिनी खाद्य रोजच्या व्यवहारांतून आलें आणि स्पॅनिश खाद्य सणासमारंभाच्या ताटांत जाऊन बसलें, हें त्यांचें प्रतिपादन मला मार्मिक वाटतें. हें सूत्र धरून ‘बिचो’ या नांवाकडे पाहावें. तें होक्कियेन चिनी भाषेंतलें असून त्यांतील ‘बि’ म्हणजे तांदूळ. नांवांत तांदूळ राहिला. कढईंत मात्र ठिकठिकाणीं गहू आला, आणि तो तर त्या बेटांत जवळजवळ सर्वस्वी बाहेरून येतो!

या परक्या गव्हास मारिया ओरोसा या विदुषीनें कसावाच्या पिठासारखे पर्याय शोधले होते. १९४५ च्या मनिलाच्या लढाईंत त्यांचा अंत झाला. त्यांच्या कृति भाचीनें १९७० सालीं ग्रंथरूपानें छापल्या, म्हणून त्या वाचल्या. कढईपाशीं बसणाऱ्या विक्रेतीला अशी भाची कोठून मिळावी? तिचें पीठ किती सैल, पीळ किती घट्ट, हें तिच्या बोटांनाच ठाऊक; आणि तें तिच्याबरोबरच जातें.

पुढील संग्राहकांनीं निदान इतकें तरी करावें. कृतीच्या माथ्यावर गांवाचें नांव, तेथील लोक पदार्थास काय म्हणतात तें, आणि दुसऱ्या दिवशीं तो मऊ राहतो कीं कडक होतो, हें छापावें. मग वजन चार तोळे इकडेतिकडे झालें तरी चालेल.