आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील जुनीं लष्करी विमानें : छायाचित्रें व आठवणी यांची पारख

कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून अस्सल पत्र आणि मागाहून रचलेली बखर यांतील भेद महाराष्ट्रांतील अभ्यासकांच्या अंगवळणीं पडला आहे. कागद कोणाचा, कोणत्या दप्तरांतला, तारीख मूळची कीं मागाहून घातलेली, शिक्का खरा कीं उतरलेला, हे प्रश्न विचारल्यावांचून आपण रुमाल सोडीत नाहीं. परंतु हीच शिस्त कागदाहून निराळ्या साधनास लावण्याचा प्रसंग आला म्हणजे आपण ढिले पडतों असा आमचा अनुभव आहे. छायाचित्र समोर आलें कीं संशय मावळतो. जणूं सूर्यप्रकाशानें उमटविलेली साक्ष कधीं खोटी पडतच नाहीं. या समजुतीची परीक्षा करण्यासाठीं आम्हीं मुद्दाम दूरचें उदाहरण घेतलें आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील जुन्या लष्करी विमानांचीं छायाचित्रें आणि त्यांसंबंधीं वैमानिकांनीं व यंत्रकारांनीं सांगितलेल्या आठवणी हौशी संग्राहकांनीं मोठ्या प्रमाणावर जमविल्या आहेत. विषय परका असल्यामुळें आपला अभिमान आड येत नाहीं, व गुणदोष स्वच्छ दिसतात.

प्रथम गुण सांगितले पाहिजेत, कारण ते थोडे नाहींत. दक्षिण आफ्रिकेचें विमानदल सर पियर व्हॅन रायनेव्हेल्ड यांनीं १ फेब्रुवारी १९२० रोजीं उभें केलें. पहिल्या महायुद्धांतून उरलेलीं विमानें ब्रिटिश सरकारनें साम्राज्यांतील देशांना देणगीदाखल वांटलीं, त्यांपैकीं शंभराहून अधिक विमानें या दलाचें पहिलें भांडवल होतीं. त्यांत डी. एच. ९ जातीचीं सुमारें पन्नास होतीं. प्रिटोरियाजवळील स्वार्टकॉप येथील तळ १९२१ पासूनचा. तेव्हांपासून तहत एकूणएक यंत्राचा अनुक्रमांक, तें दलांत आल्याचा व दलांतून गेल्याचा दिवस, त्याची शेवटची गति, यांच्या याद्या संग्राहकांनीं चिकाटीनें केल्या. सरकारी कचेरींत जी नोंद जागा अडते म्हणून फेंकून दिली जाते, ती अनेकदां एखाद्या सेवानिवृत्त यंत्रकाराच्या पेटींत शिल्लक राहते. ही पेटी उघडणारा मनुष्य आपल्याकडील दप्तरशोधकाचा सख्खा भाऊ होय.

विमानाच्या शेपटाजवळचा अंक म्हणजे त्याचें मोर्तब. त्यावरून यंत्र ओळखावें; काळ मात्र इतर खुणांवरून ठरवावा. या बाबतींत चांगल्या संग्राहकांचें काम नाणकशास्त्राच्या तोडीचें आहे. मूळचें डी. एच. ९ पाण्यानें थंड होणाऱ्या एंजिनाचें, म्हणून त्याचें नाक लांबट. पुढें दक्षिण आफ्रिकेंत त्यांपैकीं कांहींना ज्युपिटर जातीचें चक्राकार एंजिन बसवून त्यांस 'म्पाला' असें तिकडील हरिणाचें नांव दिलें. चित्रांतील यंत्राचें नाक वाटोळें असेल तर तें चित्र देणगी येऊन पोंचली त्या दिवसांचें नव्हे, हें कोणीही सांगावें. तरी आल्या दिवसाचें म्हणून तें छापलें गेल्यास आश्चर्य वाटावयास नको. तीच गोष्ट पंखांवरील चक्रचिन्हाची. दुसऱ्या महायुद्धांत या दलानें ब्रिटिश चक्रांतील तांबड्या रंगाच्या जागीं नारिंगी रंग घेतला. कोरियाच्या युद्धांत चक्रामध्यें स्प्रिंगबोक हरिण दिसतें. त्याच दशकाच्या अखेरीस हरिण जाऊन केप टाऊनच्या पंचकोनी किल्ल्याची आकृति आली. राजमुद्रा बदलली म्हणजे आपण पत्राचा काळ बांधतों, तसाच हा प्रकार.

परंतु येथेंच पहिली ठेंच लागते. काळ्यापांढऱ्या चित्रांत नारिंगी आणि तांबडा यांची निवड डोळ्यांना करतां येत नाहीं. त्यांतही जुन्या एका जातीच्या कांचांवर तांबडा जवळजवळ काळा उमटे व निळा फिका पडे, त्यामुळें चक्राचें बाहेरचें कडें गडद कीं आंतलें, एवढ्यावरून केलेलें अनुमान उलटें ठरूं शकतें. छायाचित्रकारानें कोणती कांच किंवा फीत वापरली हें ठाऊक नसतां रंगाविषयीं ठाम विधान करणें म्हणजे शाई न तपासतां हस्ताक्षर ओळखण्यासारखें आहे. अलीकडे अशा चित्रांस यंत्राच्या साहाय्यानें रंग भरून देण्याची चाल पडली आहे. ही आम्हांस प्रक्षेपाहूनही वाईट वाटते. प्रक्षेप करणारा निदान स्वतः श्रम तरी घेत असे.

दुसरी ठेंच अधिक मोठी. कोरियांत १९५० ते १९५३ या काळांत दक्षिण आफ्रिकेचें दुसरें पथक लढलें. आरंभीं त्याच्याजवळ मस्टँग विमानें होतीं व शेवटच्या वर्षीं सेबर आलीं. त्या युद्धांत ७४ मस्टँग व २२ सेबरांपैकीं ४ गमावलीं गेलीं. स्वार्टकॉप येथील संग्रहालयांत '३२५' हा अंक आणि 'पॅट्सी डॉन' हें नांव धारण करणारें एक मस्टँग आहे. तें सुंदर आहे, पण कोरियांत लढलेलें नाहीं. निराळ्या देशांत नोकरी केलेल्या यंत्रावर पथकाच्या स्मरणार्थ तो अंक व तें नांव रंगविलें आहे. यांत संग्रहालयाचा कांहींच दोष नाहीं. पथकाची आठवण ठेवणें हें त्याचें कर्तव्यच. दोष येतो तो या यंत्राचें आजचें चित्र करडें करून कोरियाच्या प्रकरणांत बसविणाऱ्याचा. नकलेवर मूळ पत्राचा शिक्का उतरविलेला असतो तेव्हां आपण समासांत 'नक्कल' असें लिहितों. चित्राच्या पाठीवर तो एक शब्द लिहिण्याचा आळस पुढच्या पिढीस फार महाग पडेल.

आठवणींकडे वळूं. येथें शॅकल्टन विमानांचें प्रकरण सर्वांत संपन्न आहे, आणि त्यावर थोडें रेंगाळण्यास हरकत नाहीं. केपच्या सागरी मार्गावर टेहळणी करण्यासाठीं १९५७ पासून आठ शॅकल्टन आलीं. अंक १७१६ ते १७२३. सत्तावीस वर्षें पस्तिसाव्या पथकानें तीं चालविलीं आणि १९८४ सालीं तीं निवृत्त झालीं. या यंत्रांत मनुष्यें दिवसाचे बारा बारा तास, कधीं त्याहूनही अधिक, एकत्र बसत. म्हणून त्यांच्या आठवणींत चार एंजिनांचा आवाज, तेलाचा वास, गरम जेवण आणि थंडी यांचा पाऊस पडतो. हें सर्व खरें मानण्यास अडचण नाहीं, कारण खोटें सांगण्यांत कोणाचा लाभ नाहीं. बखरींतही जेवणावळींचीं वर्णनें बहुधा खरींच असतात. मात्र दिवस, वार, उंची, हवामान यांचा प्रश्न आला कीं उड्डाणवही मागावी. १७१८ हें विमान ८ ऑगस्ट १९६३ रोजीं खराब हवेंत केप प्रांतांतील वेमर्सहूक पर्वतांत कोसळलें व त्यांतील तेराही जण मृत्यु पावले. अशा प्रसंगीं मागें राहिलेल्यांची आठवण वर्षागणिक वाढत जाते. 'मीही त्यांत जाणार होतों' असें सांगणारे विमानांतील जागांहून अधिक निघावेत, हा मनुष्यस्वभाव आहे. पानपतावरून परतलेल्यांच्या हकीकतींत आपण हें पाहिलेलें आहे.

याच्या उलट १७१६ ची हकीकत. हें विमान संग्रहालयानें पुन्हां उडण्याजोगें करून १९९४ च्या जुलै महिन्यांत इंग्लंडकडे पाठविलें. १३ जुलै रोजीं रात्रीं सहारा वाळवंटावर उजव्या बाजूचीं दोन्हीं एंजिनें निकामी झालीं आणि वैमानिकांनीं काळोखांत यंत्र पोटावर उतरविलें. एकोणीस माणसें होतीं, एकोणीसही वांचलीं. येथें साक्षीदार अनेक, सर्व जिवंत, आणि चौकशी तत्काळ. म्हणून या आठवणींस आम्ही समकालीन पत्राचा मान देऊं. याच जातीचें १७२३ मात्र जोहान्सबर्ग येथें एका पेट्रोलपंपाच्या छपरावर चढविलें गेलें आणि कांहीं काळ एका शीतपेयाच्या जाहिरातीच्या तांबड्या रंगांत न्हालें. त्या अवस्थेचीं चित्रें विद्रूप म्हणून संग्रहांतून गाळण्याकडे कल असतो. आमच्या मतें तीं अवश्य ठेवावींत. ताम्रपटाचा पाटा केला गेला असेल तर तोही ताम्रपटाच्या इतिहासाचा भाग आहे.

ऱ्होडेशियाविषयीं थोडक्यांत. दक्षिण ऱ्होडेशियास १९५१ सालीं अकरा अकराच्या दोन तुकड्यांत बावीस स्पिटफायर मिळालीं. त्यांतील पीके ३५० हें जॅक मॅलक यांनीं दुरुस्त करवून २९ मार्च १९८० रोजीं, म्हणजे झिंबाब्वेच्या स्वातंत्र्याआधीं अवघे तीन आठवडे, पुन्हां उडविलें. २६ मार्च १९८२ रोजीं तें कोसळलें व मॅलकही गेले. ज्या यंत्रास दोन आयुष्यें लाभलीं त्याच्या चित्राखालीं साल नसेल तर चित्र निरुपयोगी, एवढेंच येथें सांगतों.

आतां या वाङ्मयाच्या मुख्य दोषाकडे येतों. आम्हीं वर ज्या आठवणींची चर्चा केली त्या सर्व विमानांत बसलेल्यांच्या आहेत. विमानाखालीं असलेल्यांच्या कोठें आहेत? डी. एच. ९ ची देणगी, ज्युपिटर एंजिन, म्पाला, ही वंशावळ संग्राहकास मुखोद्गत असते. तींच विमानें मार्च १९२२ मध्यें जोहान्सबर्गच्या आसपास संपावरील गोऱ्या खाणकामगारांवर बाँब टाकण्यास वापरलीं गेलीं, हेंही बहुधा सांगितलें जातें. कारण तेथें एक वैमानिक अधिकारी मारला गेला व त्याचें नांव दलाच्या यादींत आहे. त्याच वर्षीं मे अखेर नैर्ऋत्य आफ्रिकेंत, म्हणजे आजच्या नामिबियांत, बाँडेल्स्वार्ट लोकांवर विमानें धाडलीं. तंट्याच्या मुळाशीं शिकारी कुत्र्यांवरचा जबर कर होता. सुमारें शंभर लोक मेले; त्यांत बायकामुलें होतीं. ही मोहीम संग्रहांत बहुधा एका ओळींत आटोपते. वास्तविक साधनें नाहींत असें नाहीं. हैतीचे प्रतिनिधि दांतेस बेलगार्द यांनीं त्याच वर्षीं राष्ट्रसंघाच्या सभेंत हा प्रश्न मांडला आणि पुढील सालीं संघाच्या मँडेट समितीनें त्याची चौकशी केली. कागद जिनिव्हांत पडले आहेत, चित्रें प्रिटोरियांत. दोन्हींस एका रुमालांत बांधणारा अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं.

कॅसिंगा प्रकरणांत हाच दोष अधिक जवळून दिसतो. ४ मे १९७८ रोजीं दक्षिण आफ्रिकेच्या कॅनबेरा व बकानीर विमानांनीं दक्षिण अंगोलांतील या ठिकाणावर हल्ला केला व पाठोपाठ छत्रीधारी शिपाई उतरले. सुमारें सहाशें माणसें मेलीं. तो लष्करी तळ कीं निर्वासितांची वसति, हा वाद अजून मिटलेला नाहीं. सत्यशोधन आयोगानें १९९८ च्या आपल्या अहवालांत ही चढाई मानवी हक्कांचा भंग ठरविली. या वादांत दोन्हीं पक्ष छायाचित्रेंच पुढें करतात. एका हातीं उंचावरून घेतलेलें चर व इमारती दाखविणारें चित्र, दुसऱ्याच्या हातीं जमिनीवरून घेतलेलें सामुदायिक कबरीचें. दोन्हीं अस्सल. उंचावरच्या चित्रांत चर दिसतो, चरांत कोण उभा आहे हें दिसत नाहीं. कबरीच्या चित्रांत मृत दिसतात, आदल्या दिवशीं त्यांच्या हातांत काय होतें हें दिसत नाहीं. असें असतां विमानप्रेमी ग्रंथांत पहिलेंच तेवढें छापून 'अचूक नेम' अशी ओळ खालीं घालणें, हें साधनाचें अर्धें पान फाडून उरलेलें प्रसिद्ध करण्यासारखें आहे. बकानीर हें यंत्र उत्कृष्ट होतें, सोळांपैकीं एक येतां येतांच समुद्रांत गेलें, निर्यातबंदीमुळें दुसरें मिळालें नाहीं, ही सर्व माहिती आम्हांस मोलाची वाटते. पण ती कॅसिंगाच्या पानावर नको.

शेवटीं आपल्याजवळचें एक उदाहरण. जी देणगी दक्षिण आफ्रिकेस मिळाली तिचा वांटा हिंदुस्थानासही मिळाला होता. डी. एच. ९ जातीचें एक विमान जोहान्सबर्गच्या सॅक्सनवोल्ड येथील युद्धसंग्रहालयांत आहे, एक बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यांत आहे, आणि इंग्लंडांत डक्सफर्ड येथें असलेलें तर बिकानेरच्याच हत्तीखान्यांत सांपडलेल्या अवशेषांवरून उभें केलेलें आहे. माळ्यावर दप्तर सांपडावें तसें हत्तीखान्यांत विमान सांपडलें! या तिन्हीं यंत्रांच्या मापांचीं, अंकांचीं व दुरुस्त्यांचीं टिपणें शेजारीं शेजारीं ठेवून कोणी तुलना छापील तर तिचें आम्ही स्वागत करूं. मात्र सॅक्सनवोल्डच्या यंत्राचें चित्र देतांना त्याच पानावर १९२२ सालच्या मे महिन्याची नोंदही द्यावी, आणि चित्र कोणी, केव्हां व कोणत्या संग्रहांतून घेतलें तें खालीं लिहावें.