देशभक्ती : संकेत आणि सक्ती

सामान्य नागरिकाची देशभक्ती ध्वज, गीत, उभे राहणे अशा चिन्हांतूनच प्रकट होते. म्हणून चिन्हमीमांसेलाही तिची चिकित्सा टाळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१६ रोजी चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजवणे आणि प्रेक्षकांनी उभे राहणे अनिवार्य केले. ९ जानेवारी २०१८ रोजी वाजवणे ऐच्छिक झाले. वाजल्यास आदर दाखवण्याचे बंधन मात्र उरले.

सोस्यूरच्या विवेचनानुसार चिन्हाला अर्थ लाभतो तो भेदामुळे. जेथे न उठण्याची शक्यताच नाही, तेथे उठणे हे भक्तीचे की भयाचे, हे कळू शकत नाही. ते केवळ आज्ञापालन सांगते. चिन्हे मुळातच सामाजिक संकेतांवर आधारलेली असतात, असा आक्षेप येथे घेता येईल. तो खरा आहे. परंतु संकेत म्हणजे सक्ती नव्हे.

केरळातील तीन विद्यार्थी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहत, धर्मश्रद्धेमुळे गात मात्र नसत. त्यांना शाळेतून काढण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली अवैध ठरवला. मौनात अनादर असतोच असे नाही, हे त्यामुळे मान्य झाले. २०१६ च्या आदेशाने आविष्काराची ही निवडच प्रेक्षकाकडून काढून घेतली होती.